समिट, पीक, झेनिथ, ॲपेक्स, पिनॅकल: ‘शिखरा’साठी कोणता इंग्रजी शब्द कुठे वापरावा?

प्रश्न: नवखा_अनुवादक

नमस्कार. गेली दोन वर्षे मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करत आहे. नुकत्याच पूर्ण केलेल्या एका दीर्घ लेखात ‘शिखर’, ‘कळस’, ‘शिगेला पोहोचणे’ यांसारखे शब्दप्रयोग वारंवार येत होते. एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा नको, म्हणून मी शब्दकोश समोर ठेवून प्रत्येक ठिकाणी वेगळा समानार्थी शब्द घातला. संपादकांनी मजकूर परत पाठवला तेव्हा त्यातील चार वाक्यांखाली लाल रेघ होती आणि समासात एवढेच लिहिले होते की, हे शब्द एकमेकांचे शेजारी आहेत, जुळे नाहीत.

ती चार वाक्ये अशी आहेत. ‘गिर्यारोहक शिखरावर पोहोचला’ येथे मी ‘झेनिथ ऑफ द माउंटन’ असे लिहिले होते. ‘कीर्तीच्या शिखरावर असताना त्या गायिकेने निवृत्ती घेतली’ यासाठी ‘ॲपेक्स ऑफ हर फेम’ योजले होते. ‘हा तर मूर्खपणाचा कळस झाला’ याचे ‘पिनॅकल ऑफ स्टुपिडिटी’ केले होते. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ येथे ‘क्युरिऑसिटी रीच्ड अ क्रेसेंडो’ अशी रचना केली होती.

माझ्याकडील शब्दकोशात या सगळ्यांपुढे शिखर, माथा, कळस, पराकाष्ठा हेच अर्थ थोड्या वेगळ्या क्रमाने दिलेले आहेत. चुकले आहे हे मला मान्य आहे, पण का चुकले हे कळल्याशिवाय पुढच्या लेखात मी पुन्हा तेच करणार, याचीही खात्री आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: डोंगरवाट

आपल्या पहिल्या वाक्यापुरते मी लिहू शकतो, कारण समिट आणि पीक हे दोन शब्द आम्हा डोंगर चढणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि त्यांतली सीमारेषा आम्ही सहसा पुसत नाही.

‘पीक’ म्हणजे टोकदार डोंगर, सबंध आकारासकट. दुरून आपण बोट दाखवून ‘ते पाहा शिखर’ म्हणतो तेव्हा ते पीक असते. ‘समिट’ म्हणजे त्या डोंगराचा सर्वांत उंच बिंदू, जिथे गेल्यावर आणखी वर पाऊल टाकायला जागाच उरत नाही. लॅटिनमधील ‘सुम्मुस’, म्हणजे सर्वोच्च, या शब्दातून तो आला आहे. पीक दिसते आणि समिट गाठावे लागते, असा फरक मी स्वतःपुरता लक्षात ठेवला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कांचनगंगाचे आहे. ८,५८६ मीटर उंचीच्या या पर्वतावर २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे पहिल्यांदा पोहोचले. मात्र हा पर्वत पवित्र मानणाऱ्या सिक्कीमच्या चोग्याल राजांना दिलेल्या शब्दाचा मान राखून ते अगदी माथ्यापासून काही फूट खाली थांबले. दुसऱ्या दिवशी आलेल्या जोडीनेही तोच शब्द पाळला. आता बारकाईने पाहा. त्यांनी पीक सर केले याविषयी गिर्यारोहणाच्या इतिहासात कोणताही वाद नाही, पण समिटवर त्यांनी पाय ठेवला नाही. मराठीत ‘त्यांनी शिखर सर केले, पण शिखरावर पाय ठेवला नाही’ असे लिहिले, तर वाचक गोंधळेल आणि आपल्याला ‘माथा’ हा शब्द शोधावा लागेल. इंग्रजीत ही सोय दोन शब्दांमुळे आयतीच आहे.

आपल्या वाक्यात गिर्यारोहक प्रत्यक्ष माथ्यावर पोहोचला असेल, तर ‘समिट’च लिहा. हा शब्द क्रियापदासारखाही वापरतात, पण ते आमच्या वर्तुळातले बोलणे आहे, लेखात ते जपून वापरावे.

समिट या शब्दात माणसे तिथवर चढून येतात ही कल्पना आपोआप येते. राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीला समिट म्हणण्यातही हेच चित्र आहे. विन्स्टन चर्चिल यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये एडिनबरा येथील भाषणात सर्वोच्च पातळीवरच्या वाटाघाटींसाठी हा शब्द वापरला आणि पुढे तो रुळला. आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे ‘शिखर परिषद’ असे शब्दशः भाषांतर केले, तेही आता कोणाला खटकत नाही.

जाता जाता ‘पिनॅकल’बद्दल एक सांगतो. आम्ही ज्याला सुळका म्हणतो, तो दोराशिवाय चढता न येणारा एकाकी, निमुळता खडक म्हणजे पिनॅकल. त्यावर फार काळ बसायला जागा नसते.

उत्तर २: आकाशनिरीक्षक

‘झेनिथ ऑफ द माउंटन’ वाचून मला हसू आवरले नाही, याबद्दल क्षमा असावी. झेनिथ डोंगराला नसतोच. तो पाहणाऱ्याला असतो. आपण जिथे उभे आहोत तिथून थेट डोक्यावर, आकाशात कल्पिलेला जो बिंदू, तो झेनिथ. मराठी खगोलशास्त्रात त्याला खमध्य किंवा खस्वस्तिक म्हणतात. आपण दहा पावले चाललात तर आपला खमध्यही आपल्याबरोबर सरकतो. हा शब्द अरबी आहे. ‘सम्त अर्-रास’, म्हणजे डोक्यावरची वाट, यातील पहिला शब्द युरोपातील हस्तलिखितांत उतरताना ‘म’चा ‘नि’ झाला, आणि लेखनिकांच्या त्या चुकीतून आजचे रूप तयार झाले. त्याच्या बरोबर विरुद्ध, पायाखालचा बिंदू म्हणजे नादिर, आपला अधःस्वस्तिक. तोही अरबीतूनच आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘समोरचा, विरुद्ध बाजूचा’ असा आहे.

या चित्रामुळे झेनिथ शब्द लाक्षणिक अर्थाने वापरताना दोन गोष्टी सोबत येतात. पहिली म्हणजे तेज: साम्राज्य, कला, सौंदर्य, कीर्ती अशा झळाळणाऱ्या गोष्टींना तो शोभतो, तर महागाई किंवा वाहतूक यांना अजिबात शोभत नाही. दुसरी म्हणजे कलणे. सूर्य माथ्यावर आला की त्यानंतर तो उतरणारच, म्हणून ‘सत्ता झेनिथला पोहोचली’ असे लिहिले की इंग्रजी वाचक पुढच्या परिच्छेदात ऱ्हासाची वाट पाहू लागतो.

येथे एक बारकावा आहे, जो इंग्रज कवींनाही नेहमी सांभाळता आलेला नाही. भर दुपारी सूर्य झेनिथला असतो असे सर्रास लिहिले जाते, पण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या बाहेर, म्हणजे सुमारे साडेतेवीस अंश अक्षांशांपलीकडे, सूर्य वर्षातून एकदाही खमध्यावर येत नाही. लंडनमध्ये तर ऐन उन्हाळ्यातही तो क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवरच थांबतो. रोज दुपारी सूर्य गाठतो तो त्या दिवसापुरता सर्वोच्च बिंदू. याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी आकाशातील कल्पित उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडण्याच्या त्या क्षणाला ‘कल्मिनेशन’ म्हणतात. ‘कुल्मेन’ म्हणजे लॅटिनमध्ये माथा. भाषेतही कल्मिनेशनचा जोर उंचीपेक्षा वाटचालीवर असतो: वीस वर्षांच्या संशोधनाचे फलित, प्रदीर्घ आंदोलनाची परिणती. त्याला मागे काहीतरी साठत आलेले लागते. अचानक लाभलेल्या यशाला कल्मिनेशन म्हणता येत नाही.

आणखी एक शब्द आपण वापरला नाहीत, पण कधीतरी मोह होईल: ‘ॲपोजी’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पृथ्वीपासून दूर’ असा आहे आणि मराठीत आपण त्याला अपभू म्हणतो. चंद्र उपभू बिंदूवर सुमारे ३,६३,००० किलोमीटर अंतरावर असतो आणि अपभू बिंदूवर सुमारे ४,०५,००० किलोमीटरवर. तिथे त्याचा वेग सर्वांत कमी असतो आणि तो आपल्याला लहान दिसतो. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत साम्राज्याच्या परमोत्कर्षाला ॲपोजी म्हणतात ते चालते, पण रोजच्या लेखनात हा शब्द थोडा जरीकाठी वाटतो.

उत्तर ३: शरीररचना_शिक्षक

‘ॲपेक्स’ची बाजू मांडण्यासाठी लिहीत आहे, कारण हा शब्द उंचीचा आहे असा जो समज आहे तो मुळातच अर्धवट आहे.

ॲपेक्स म्हणजे निमुळत्या आकाराचे टोक, मग ते टोक कोणत्याही दिशेला असो. प्रत्येक वर्षी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी येथे अडखळतात. फुप्फुसाचा ॲपेक्स वर असतो, गळ्याच्या हाडाच्याही किंचित वर डोकावणारा. हृदयाचा ॲपेक्स मात्र खाली, डावीकडे असतो. डाव्या बाजूच्या पाचव्या बरगडीअंतरावर, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली ओढलेल्या कल्पित रेषेच्या आसपास बोटे टेकवली, की त्याचा ठोका जाणवतो. एका वर्गात मी हृदयाचे प्रारूप हातात देऊन ‘याचा ॲपेक्स दाखवा’ असे सांगितले, तर बहुतेकांची बोटे महाधमनीकडे, म्हणजे नेमक्या उलट टोकाकडे गेली. त्यांच्या डोक्यात ‘ॲपेक्स म्हणजे सर्वांत वरचा भाग’ हे पाठ झालेले होते. वनस्पतीच्या मुळाचा ॲपेक्स तर मातीत खाली खाली जात असतो, आणि मोटार शर्यतीत वळणाच्या आतल्या बाजूच्या ज्या बिंदूला गाडी सर्वांत जवळून जाते त्यालाही ॲपेक्स म्हणतात. तिथे तर उंचीचा प्रश्नच येत नाही.

प्राचीन रोममधील काही पुरोहितांच्या टोपीवर ऑलिव्हच्या लाकडाची एक टोकदार काडी असे, तिला ॲपेक्स म्हणत. टोक ही मूळ कल्पना तिथपासून चालत आली आहे.

म्हणून लाक्षणिक अर्थाने ॲपेक्स शोभतो तो रचनेच्या टोकाला: खाली रुंद पाया, वर निमुळते होत जाणारे थर आणि शेवटी एकच बिंदू. अन्नसाखळीतील सर्वोच्च भक्षक, संस्थेची उतरंड, न्यायव्यवस्था. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रे सर्वोच्च न्यायालयाला ‘ॲपेक्स कोर्ट’ म्हणतात, ते याच चित्रातून. कीर्तीला असा पिरॅमिड नसतो, म्हणून ‘ॲपेक्स ऑफ हर फेम’ व्याकरणाने शुद्ध असूनही कानाला कोरडे लागते.

‘व्हर्टेक्स’शी त्याची गल्लत करू नये. त्रिकोणाला शिरोबिंदू तीन असतात आणि तिन्ही व्हर्टेक्स असतात, पण त्यांतला पायासमोरचा एकच ॲपेक्स ठरतो. व्हर्टेक्सच्या मुळाशी ‘वळणे’ हे क्रियापद आहे, आणि डोक्यावर जिथे केसांचा भोवरा असतो त्या टाळूच्या भागालाही व्हर्टेक्स म्हणतात. वर उघडणाऱ्या अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) व्हर्टेक्स तर सर्वांत खाली असतो. गणित आणि वैद्यक यांच्या बाहेर हा शब्द आपल्याला लागणार नाही.

प्रश्नकर्ता: नवखा_अनुवादक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कांचनगंगाचे उदाहरण मी आता विसरणार नाही. मात्र एक शंका आहे. आपण सर्वजण शब्दाच्या मुळापासून सुरुवात करत आहात, पण शब्दाचे मूळ आणि आजचा वापर यांचे नाते नेहमीच टिकते का? ‘कुशल’ म्हणताना आज कोणाच्या डोळ्यांसमोर कुश कापणारा येत नाही. शिवाय उरलेल्या दोन वाक्यांबद्दल, मूर्खपणाचा कळस आणि शिगेला पोहोचलेली उत्सुकता यांबद्दल, कोणी अजून लिहिलेले नाही.

उत्तर ४: समासातली_टीप

शंका रास्त आहे, आणि मी वरच्या उत्तरांशी अंशतः असहमत आहे. मूळ अर्थ आठवणीसाठी उत्तम खुंटी आहे, पुरावा नव्हे. पुरावा मिळतो तो शब्दाच्या सोबतीला कोणते शब्द बसतात यातून. याची दोन चांगली उदाहरणे आपल्याच चौथ्या वाक्याभोवती सापडतात.

‘क्लायमॅक्स’चा ग्रीकमधील अर्थ शिडी असा आहे. वक्तृत्वशास्त्रात तो चढत्या क्रमाने रचलेल्या विधानांचे नाव होता, म्हणजे आपला सार अलंकार: काव्यांत नाटक रम्य, नाटकांत शाकुंतल, त्यातही चौथा अंक, आणि त्या अंकातले चार श्लोक. पुढे लोकांनी शिडी सोडली आणि फक्त तिची शेवटची पायरी ठेवली. आज क्लायमॅक्स म्हणजे कथेतील परमोच्च क्षण, आणि कोणताही संपादक त्याला चूक म्हणत नाही. ‘क्रेसेंडो’चेही अगदी तेच होत आहे, पण प्रवास अर्धवट राहिला आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वाढत जाणारा’ असा आहे. स्वरलिपीत त्याची खूण म्हणजे एका बिंदूतून निघून हळूहळू फाकत जाणाऱ्या दोन रेषा. आवाज या रेषांच्या शेवटी पोहोचतो, क्रेसेंडोला पोहोचत नाही, कारण क्रेसेंडो ही पोहोचेपर्यंतची वाढ आहे. ‘रीच्ड अ क्रेसेंडो’ हा प्रयोग इंग्रजीत भरपूर आढळतो, कोशही त्याची नोंद घेतात, तरी संगीत जाणणारा वाचक तिथे थबकतोच. दोन शब्दांची मुळे सारखीच विसरली गेली, पण एक चालतो आणि दुसऱ्याखाली लाल रेघ येते. हा निवाडा व्युत्पत्तीने केलेला नाही, वापराने केला आहे.

आपल्या मराठी वाक्यातला ‘शीग’ हा शब्द तर या सगळ्यांहून देखणा आहे. मापात धान्य काठोकाठ भरल्यावरही ओतत राहिले, की काठाच्या वर जी निमुळती रास उभी राहते, ती शीग. आणखी एक मूठ टाकली तर दाणे घरंगळणार, अशी ती अवस्था. उत्सुकता शिगेला पोहोचते तेव्हा त्यात उंचीपेक्षा ‘आता मावत नाही’ हा ताण अधिक असतो. म्हणूनच येथे पीक, समिट, झेनिथ यांपैकी काहीच बसत नाही. इंग्रजीतला ‘फीव्हर पिच’ हा प्रयोग त्या ताणाच्या सर्वांत जवळ जातो, जरी त्यातले चित्र धान्याचे नसून तापाचे आहे. ‘क्युरिऑसिटी’ऐवजी ‘एक्साइटमेंट’ घेतल्यास वाक्य अधिक सहज वाचले जाईल.

आता कळसाकडे वळतो. मराठीत कळस दोन्हीकडे चालतो. कर्तृत्वाचा कळस होतो आणि निर्लज्जपणाचाही होतो. किंबहुना बोलताना नुसते ‘कळस झाला!’ म्हटले, तर ऐकणारा वाईटच समजतो. इंग्रजीतील पिनॅकलला ही सवलत नाही. गॉथिक चर्चच्या आधारखांबांवर जे छोटे टोकदार मनोरे असतात, ते पिनॅकल. ते शोभा तर आणतातच, शिवाय आपल्या वजनाने खालच्या आधारखांबाला कमानींचा बाहेरचा रेटा पेलायला मदत करतात. त्यामुळे लाक्षणिक अर्थानेही पिनॅकल म्हणजे कष्टाने उभारलेले आणि मिरवण्याजोगे काहीतरी. ‘पिनॅकल ऑफ स्टुपिडिटी’ लिहिले तर लेखक उपरोध करत आहे असे वाटते. आपले मूळ वाक्य उपरोधाचे नसून चिडलेले आहे. दुर्गुणांसाठी इंग्रजीने ‘हाइट’ हा साधा शब्द राखून ठेवला आहे, म्हणून ‘हाइट ऑफ स्टुपिडिटी’. हाच शब्द ऋतू, युद्ध, फॅशन, कीर्ती यांनाही चालतो, आणि माझ्या मते आपल्या गायिकेच्या वाक्यातही ‘ॲट द हाइट ऑफ हर फेम’ हीच सर्वांत नैसर्गिक रचना ठरेल. नवखे अनुवादक ‘हाइट’ टाळतात, कारण तो फार सोपा दिसतो.

उत्तर ५: आलेख_आणि_अक्ष

पीकबद्दल एक भर घालतो. आलेखावर पीक अनेक असू शकतात, आणि ते ओळखू येते ते मागे वळून पाहिल्यावरच. भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये असा अंदाज मांडला होता की, अमेरिकेचे तेलउत्पादन १९६५ ते १९७० या सुमारास सर्वोच्च पातळी गाठेल. १९७० मध्ये ते खरोखरच शिखराला पोहोचले आणि नंतर घसरू लागले, आणि अनेक वर्षे तेच अंतिम पीक मानले गेले. पुढे खडकांतून तेल काढण्याचे नवे तंत्र आले आणि २०१८ मध्ये तो उच्चांक मोडला गेला. तरीही १९७० च्या बिंदूला पीक म्हणण्यात चूक काही नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना उतार आहे. झेनिथ किंवा पिनॅकलला असे दुसरेपण सोसत नाही.

म्हणून मोजता येणाऱ्या, चढउतार होणाऱ्या गोष्टींना पीक: मागणी, तापमान, गर्दी, खेळाडूची तयारी. धावपटू स्पर्धेच्या आधीच ‘पीक’ झाला, असे क्रियापदही त्यातूनच बनते. कारकिर्दीच्या बाबतीत पीक आणि पिनॅकल दोन्ही चालतात, पण पहिल्यात काळ आहे आणि दुसऱ्यात कामगिरी. ‘तिशीत तो पीकवर होता’ असे म्हणता येते, ‘ते पारितोषिक त्याच्या कारकिर्दीचे पिनॅकल ठरले’ असे म्हणता येते, पण या दोन वाक्यांतील शब्दांची अदलाबदल केली की दोन्ही वाक्ये किंचित लंगडतात.

लाटेच्या माथ्याला ‘क्रेस्ट’ म्हणतात, मूळ अर्थ कोंबड्याचा तुरा. तो एका जागी थांबत नाही, पुढे सरकत राहतो, म्हणून पुराच्या पाण्याला आणि लोकप्रियतेच्या लाटेला तो बरोबर लागू पडतो.

उत्तर ६: आकाशनिरीक्षक

‘ॲक्मी’ राहिलाच. ग्रीकमध्ये धार, टोक, ऐन भर. प्राचीन वैद्यकात रोग सर्वांत जोरात असण्याच्या अवस्थेलाही हेच नाव होते. मुरुमांसाठीचा ‘ॲक्ने’ हा शब्द याच शब्दाच्या नकलेतील चुकीतून आला असावा, असे बहुतेक कोश मानतात. लेखनिकांच्या चुकांनी इंग्रजीला किती शब्द दिले, हा वेगळ्या धाग्याचा विषय होईल. आजच्या लेखनात ॲक्मी म्हणजे परिपूर्णतेचा बिंदू: शैलीचा, अभिरुचीचा. वापर विरळ आहे.

प्रश्नकर्ता: नवखा_अनुवादक

सुधारलेली वाक्ये आज पाठवली. पहिल्यात ‘समिट’, तिसऱ्यात ‘हाइट ऑफ स्टुपिडिटी’ आणि चौथ्यात ‘फीव्हर पिच’. दुसऱ्यात मी ‘ॲट द हाइट ऑफ हर फेम’ घेतले, पण ‘झेनिथ’ अजून मनातून जात नाही, कारण मूळ लेखात पुढच्याच ओळीत त्या गायिकेचा आवाज उतरू लागल्याचा उल्लेख आहे. तिथे झेनिथ अधिक योग्य ठरेल का?

उत्तर ७: समासातली_टीप

त्या पुढच्या ओळीमुळेच नको. लेखकाने ‘शिखर’ म्हणताना उताराची चाहूल दिलेली नाही, ती पुढच्या वाक्यासाठी राखून ठेवली आहे. आपण झेनिथ लिहिलात, तर ती एक ओळ आधीच फुटेल.